ग्रुपवर शेवटचा मेसेज: हॅपी दिवाळी

मावशी, नमस्कार.

वर्ष संपायला आलं की सगळे आपापला रीकॅप टाकतात ना, कोण लडाख, कोण बाली, कोण नवीन गाडीसमोर नारळ फोडताना. म्हटलं आपण पण टाकू काहीतरी, म्हणून गॅलरी उघडून बसलो. जानेवारी ते डिसेंबर सगळं खाली-वर केलं. ऑफिसच्या टीम लंचचे फोटो आहेत, पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली ते लक्षात राहावं म्हणून काढलेले खांबांचे फोटो आहेत, लाइट बिलाचे आहेत, पण आमच्या चौघांचा २०२५ मधला एकत्र फोटो एकही नाही. एकही नाही मावशी.

मी २४ वर्षांचा, मूळचा सांगलीचा, आता हिंजवडीत जॉब. २०१९ ला इंजिनीअरिंगला ॲडमिशन घेतली, महापुराचं ते वर्ष. तिथे आम्ही चौघं भेटलो. नावं लिहीत नाही, टोपणनावं सांगतो: दाढी, साहेब, मालक आणि मी. एकाच मेसला जेवायचो, नंतर रूमवर. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागल्यावर सगळे घरी गेलो तर रोज रात्री दहाला पबजी, एक दिवस खाडा नाही, सप्टेंबरमध्ये ती बंद झाली तर लुडो खेळत बसायचो येड्यासारखे दोन-दोन वाजेपर्यंत. कॉलेज परत सुरू झालं तेव्हा परत एक रूम. २०२३ ला पास झालो.

आता दाढी जर्मनीत मास्टर्स करतोय. साहेब सदाशिव पेठेत राज्यसेवेचा अभ्यास करतो, म्हणजे माझ्यापासून वीसेक किलोमीटरवर, आणि वर्षात भेटलो किती वेळा तर दोनदा. मालक तासगावला घरची द्राक्षबाग बघतो. त्याचे वडील मार्चमध्ये गेले, तेव्हा ऑफिसात आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं म्हणून जाता आलं नाही, पण मेसेज केलेला.

नोव्हेंबरमध्ये माझा वाढदिवस झाला. पूर्वी बारा वाजता लाथा घालून उठवायचे हे लोक. यावेळी बारा वाजले, साडेबारा वाजले, ग्रुपवर काही नाही. मी जागाच. फोन बंद करून परत चालू केला, म्हटलं नेटवर्क गंडलं असेल. सकाळी ऑफिसच्या एचआरचा ऑटोमॅटिक मेल पहिला आला, केकचं चित्र वगैरे. दाढीने संध्याकाळी स्टोरी टाकली, चार वर्षांपूर्वीचा फोटो. साहेबाने दुसऱ्या दिवशी ‘अरे सॉरी भावा’. मालकाचा तीन दिवसांनी फोन आला, दोन मिनिटं बोलला आणि ठेवतो म्हणाला, मागे कसलंतरी मशीन चालू होतं.

थर्टीफर्स्टला पन्हाळ्याला जाऊ म्हणून मी पोल टाकला. तिघांनी बघितला. मत एकच, माझं. त्याच्या वरचा मेसेज दिवाळीचा, पणतीचं फॉरवर्ड आणि खाली एक अंगठा.

मला विचारायचंय की मैत्री टिकवायचा ठेका मी एकट्यानेच घेतलाय का? एकदा सगळं स्पष्ट बोलून टाकू का ग्रुपवर, की गुपचूप ग्रुप सोडून देऊ? ऑफिसमध्ये पोरं चांगली आहेत, पण ती ऑफिसची आहेत.

– एक हिंजवडीकर

---

अरे लेका,

पन्हाळ्याच्या पोलला स्वतःच मत देऊन बसलास हे वाचून मला हसू पण आलं आणि पोटात कसंतरी पण झालं. पोल आधी डिलीट कर. तो तिथे लटकलेला बघून बाकी तिघांना पण लाज वाटत असणार, आणि लाज वाटली की माणूस अजून गप्प होतो.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी बाजू घेऊन वाचलं. दुसऱ्यांदा नुसतं कशाला किती जागा दिलीयस ते बघितलं. वाढदिवसावर अख्खा परिच्छेद आहे, बारा वाजले, साडेबारा वाजले, एचआरचा मेल, केकचं चित्र. मालकाचे वडील गेले त्याला एक वाक्य, आणि त्या एका वाक्यातसुद्धा तुझं रिलीज आहे. रागवायला म्हणून नाही लिहीत मी हे. तू हिशोबाची वही घेऊन बसलायस म्हणून म्हणतेय की पानं दोन्ही बाजूंची उघड. बापाच्या दहाव्याला न आलेल्या दोस्ताला तिसऱ्या दिवशी का होईना, पण त्या पोराने वाढदिवसाचा फोन केला. मागे मशीन चालू असताना केला.

ते मशीन बहुतेक फवारणीचं असणार. माझं माहेर तासगाव भागातलं, म्हणून सांगते. द्राक्षाच्या बागेला वर्षातून दोनदा छाटणी असते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा संपता संपता दुसरी, जिला सगळे ऑक्टोबर छाटणीच म्हणतात. खरड छाटणीनंतर काडीत घड धरायच्या वेळेला कडक ऊन लागतं, आणि २०२५ ला तर मे महिन्यातच पाऊस सुरू झाला. दुसऱ्या छाटणीनंतर जरा ढग आले की डावणीची, म्हणजे बुरशीच्या रोगाची भीती, मग पोरं झोपेतून उठून ट्रॅक्टरला ब्लोअर जोडतात. आता तुझ्या मालकाचं वर्ष बघ. मार्चमध्ये बाप गेला, एप्रिलमध्ये छाटणी, म्हणजे रडायला महिना पण नाही मिळाला. औषधाची उधारी कुठल्या दुकानात किती आहे हे बापाला तोंडपाठ असतं, पोराला वही शोधण्यापासून सुरुवात करावी लागते. असा माणूस पोल कशाला भरेल रे?

आता दाढी. माझा भाचा तिकडेच शिकतोय त्यामुळे थोडंफार कळतं. तिकडे जायच्या आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे एकदम पैसे काढता येत नाहीत अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे बहुतेक घरांत कर्ज आलंच. काम करायची परवानगी आहे, पण वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, मग पोरं लेक्चर आणि शिफ्ट यांची जुळवाजुळव करत बसतात. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे. तू रात्री दहाला जेवून लोळत ‘आहेस का?’ टाकतोस तेव्हा तिकडे साडेपाच झालेले असतात आणि तो कुठल्यातरी किचनमध्ये भांड्यांच्या ढिगासमोर उभा असू शकतो. तरी त्याने चार वर्षांपूर्वीचा फोटो शोधून काढला. तुला त्यात तो जुना आहे एवढंच दिसलं. अरे, तुमच्याकडे नवा नाहीच तर त्याने कुठून आणायचा?

‘ठेका मी एकट्यानेच घेतलाय का’ म्हणतोस, तर कॉलेजात तो ठेका कोणाकडेच नव्हता. टाइमटेबलकडे होता. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल नावाच्या प्राध्यापकाने २०१८ साली हिशोब मांडला होता, ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. आता तुमची मेस घे. दोन वेळचं जेवण मिळून दीड तास धर, दोनशे तास भरायला साडेचार महिने पुरतात, आणि ते पण कोणी काही न ठरवता, फक्त भूक लागते म्हणून. आत्ता महिन्यातून अर्धा तास फोन केलास तर वर्षाचे किती? सहा. आणि त्यातले पण पहिले दहा मिनिटं ‘बाकी काय, बाकी काय’.

पण तुझ्याच पत्रात एक गोष्ट आहे जी तू सहज लिहून पुढे गेलास आणि मी तिथेच अडकले. लॉकडाऊनमध्ये तुम्ही एकाच गावात नव्हता. तासगाव, सांगली आणि बाकीची गावं, भेट शून्य, आणि तरी ‘एक दिवस खाडा नाही’. म्हणजे अंतराने काही बिघडत नाही हे तुमच्या बॅचने स्वतः करून बघितलंय बाबा, आमच्या पिढीला ते जमलं नव्हतं, आम्ही आंतर्देशीय पत्रात घडी घालायच्या जागेवर पण लिहायचो आणि तरी तिसऱ्या वर्षी पत्रं थांबायची. तुमच्याकडे तेव्हा काय होतं? रात्रीचे दहा. कोणी कोणाला ‘कसा आहेस’ विचारत नव्हतं, पबजी बंद झाली तर लुडो, खेळ कुठला का असेना, दहा वाजता हजर. आता दहा वाजताच नाहीत.

तर ते आण परत. रोज नको, रोज जमणार नाही आणि मग परत तू वही घेऊन बसशील. रविवारी रात्री नऊ, अर्धा तास, लुडो. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात आणि तेव्हा तिकडे दुपारचे साडेचार असतात, दाढीला जमण्याची शक्यता बरी आहे. पोल टाकू नकोस, ‘जमेल का सगळ्यांना’ विचारू नकोस, नुसती लुडोच्या गेमची लिंक टाक आणि बस. दोघं आले तर दोघं. कोणीच नाही आलं तर कॉम्प्युटरबरोबर खेळ आणि हरलास की स्क्रीनशॉट टाक, शिव्या द्यायला तरी कोणीतरी येईल. पुढच्या रविवारी परत.

साहेब वीस किलोमीटरवर आहे म्हणून त्याच्यावर तुझा जास्त राग दिसतोय. हिंजवडी ते पेठ संध्याकाळी काय असते ते तुला सांगायला नको, आणि त्याच्या बाजूने बघ, २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, म्हणजे आधी पर्यायांना गोल काळे करायची सवय होती ती मोडून आता पानंच्या पानं लिहायची. त्याला ‘भेट ना यार’ म्हणू नकोस. शनिवारी लॅपटॉप घेऊन त्याच्या अभ्यासिकेखाली जा, चहाला दहा मिनिटं खाली बोलव, आणि दहाव्या मिनिटाला तू स्वतः म्हण, जा वर. पुढच्या वेळी तोच वीस मिनिटं थांबेल.

माझी एक मैत्रीण लग्न होऊन अकोल्याला गेली. अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं, भांडण पण नव्हतं, नुसतंच राहिलं. मग एकदा तिने फोन करून विचारलं, तुझ्याकडे कुरडयांचा मोठा सोऱ्या आहे का. विषय एवढाच. आता दरवर्षी एप्रिलमध्ये ती येते, गव्हाचा चीक शिजवतो, गच्चीवर घालतो, हात भाजतात, आणि त्या तीन दिवसांत जेवढं बोलून होतं तेवढं मला नाही वाटत समोरासमोर खुर्च्या टाकून कधी झालं असतं.

तुझ्यासाठी सोऱ्या आहे तो तासगावात. मालकाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध मार्चच्या आसपास येईल, ते तिथीने असतं, त्यामुळे तारीख फोन करून विचार आणि आत्ताच सुट्टी टाक, रिलीज गेलं खड्ड्यात. गेल्यावर ‘मी तेव्हा आलो नाही, चुकलं माझं’ एवढंच म्हण, कारण सांगू नकोस, त्याने विचारलेलं नाही. आणि श्राद्धाचं जेवून निघू नकोस, दोन दिवस राहा. तो बेदाण्याचा सीझन असतो. घड काढून डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायचे, शेडमध्ये जाळीच्या रॅकवर पसरायचे, पंधरा-वीस दिवसांत बेदाणा होतो. क्रेट उचलायला माणसं कायम कमी पडतात. तू उचल. संध्याकाळी हात चिकट झालेले असतील, फोन पण धरवणार नाही, मग बसा बांधावर. त्याच्या आईला भेट, तिला काय बोलायचं ते सुचलं नाही तर पाणी माग.

ग्रुप सोडू नकोस. आणि नोट्समध्ये एक लांबलचक मेसेज टाइप करून ठेवलायस ना, ‘मला वाटतं आपण बदललोय’ असा काहीतरी? असणारच. तो पुसून टाक.

हां, हे सगळं करून पण एखादा नाही आला परत, तर तसंही होईल. रॉबिन डनबार म्हणून ऑक्सफर्डचे एक मानववंशशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या मते माणसाच्या अगदी आतल्या वर्तुळात पाचेक जण मावतात, मग १५, मग ५०, मग १५०. त्या १५० वरून अभ्यासकांत भांडणं आहेत, पण आतली जागा थोडी असते हे कोणीही मान्य करेल. कोणी पाचातून पन्नासात गेला तर तो मेला नाही, वाढदिवसाला एक दिवस उशिरा ‘सॉरी भावा’ म्हणणारा झाला. आणि जागा झालीच असेल तर ते ‘ऑफिसचे’ आहेत ना, त्यांना एक संधी दे. मेसवाले पण पहिल्या महिन्यात नुसते मेसवालेच होते.

---

मावशी, मी २६ वर्षांची, पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. मैत्रिणींचे फोन मी उचलत नाही, कारण दुसऱ्या मिनिटाला ‘रिझल्ट कधी’ येतंच. आता आठ-नऊ महिने झाले, त्यांनी पण सोडून दिलं. आता स्वतःहून फोन केला तर किती ऑड वाटेल. त्यांना वाटेल काहीतरी काम असेल.
– पेठेतली एक

अगं, मग काम असू दे ना. वरचं पत्र वाच आणि पलीकडचा माणूस रात्री साडेबाराला फोन बंद-चालू करून काय बघत बसतो ते बघ. २०२२ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला, त्यात दिसलं की अचानक केलेल्या साध्या चौकशीचा समोरच्याला जेवढा आनंद होतो तेवढा होईल असं चौकशी करणाऱ्याला वाटतच नाही. आणि ध्यानीमनी नसताना आली तर जास्तच.

फोन नको, मेसेज कर. ‘रिझल्टचं विचारणार नसशील तर रविवारी नाश्त्याला ये.’ एवढंच, मागचे नऊ महिने काढू नकोस. तिने चुकून विचारलंच तर तिच्या डिशमधला अर्धा वडा आपल्याकडे ओढून घ्यायचा, हे आधीच ठरवून टाक.