प्रत्येक पानाला धनी हवा

आपल्या प्रकल्पाच्या विकीवर दीडशेच्या आसपास पाने साठली आहेत, त्यांतली बरीच जुनी झाली आहेत, एकाच विषयावर तीन-तीन पाने आहेत, आणि ती नव्या विभागांत कशी लावावीत असे आपण विचारले आहे. मुक्तस्रोत (ज्यांचा कोड कोणालाही पाहता-बदलता येतो अशा) प्रकल्पांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये बरीच वर्षे स्वयंसेवक म्हणून काम केल्यावर माझे मत असे झाले आहे, की विभाग पाडणे ही दुसरी पायरी आहे. कोणते पान कोणी सांभाळायचे आणि सॉफ्टवेअर बदलले की त्या व्यक्तीला ते कसे कळायचे, याची सोय आधी लावावी लागते. ती नसेल तर आज नीट लावलेली पाने वर्षभरात पुन्हा शिळी होतात.

नकाशे तयार करण्याच्या क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरच्या चमूने ही सोय फार चांगली लावली आहे. एखाद्या पुल रिक्वेस्टमुळे, म्हणजे कोडमधला बदल सामावून घ्यावा या प्रस्तावामुळे, वापरणाऱ्याला जाणवेल असा बदल होणार असेल, तर तिच्यावर डॉक्युमेंटेशन आवश्यक असल्याचे लेबल लावले जाते, आणि ती स्वीकारली गेली की डॉक्युमेंटेशनच्या स्वतंत्र रिपॉझिटरीत (फायलींच्या साठ्यात) आपोआप एक इश्यू, म्हणजे करायच्या कामाची नोंद, उघडला जातो. त्यामुळे काय बदलले हे शोधत बसण्याचे काम लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडत नाही. शिवाय तेथे दर चार महिन्यांनी नवी आवृत्ती येत असली, तरी मार्गदर्शिका मात्र दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्तीला धरून प्रसिद्ध होते. आपल्यासारख्या लहान चमूने तर प्रत्येक आवृत्तीमागे धावूच नये.

लिबरऑफिस या मुक्तस्रोत ऑफिस सॉफ्टवेअरकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. तेथील मार्गदर्शिकांचे प्रत्येक प्रकरण ही स्वतंत्र फाइल असते. एक स्वयंसेवक प्रकरण घेतो, दुसरा ते तपासतो, आणि त्या प्रकरणावर आत्ता काम केलेल्यांबरोबरच मागील आवृत्त्यांत ज्यांनी काम केले त्यांचीही नावे सुरुवातीलाच दिलेली असतात. नोकरी सांभाळून संध्याकाळी तासभर देणाऱ्या माणसाला 'विकी सुधारा' असे सांगितले तर तो कोठून सुरुवात करणार? 'छपाईचे प्रकरण तुमच्याकडे' असे सांगितले, तर तो ते महिन्याभरात पूर्ण करून देतो, असा माझा अनुभव आहे.

आता विभागांविषयी. डॅनिएले प्रोचिदा यांनी मांडलेली डायटॅक्सिस ही पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते. नवख्याला हात धरून शिकवणारा पाठ, ठरावीक काम उरकण्याची कृती, संदर्भासाठीची माहिती आणि कारणमीमांसा असे मजकुराचे चार प्रकार तिच्यात वेगळे ठेवले जातात. ते एकाच पानावर मिसळले की काय होते, हे मी एकदा शेजारी बसून पाहिले. एक नवी सदस्या आमच्या इन्स्टॉलेशनच्या पानावरून काम करीत होती. चौथ्या पायरीनंतर कोणता डेटाबेस का निवडावा याची तीन परिच्छेदांची चर्चा होती आणि पाचव्या पायरीची कमांड तिच्याखाली होती. चर्चा वाचून त्या गोंधळल्या, आपला डेटाबेस चुकला असे समजून मागे गेल्या आणि तिसरी पायरी पुन्हा करू लागल्या. ती चर्चा लिहिणारा मीच होतो आणि तिच्यात चूक एकही नव्हती. तिची जागा तेवढी चुकली होती. आम्ही ती वेगळ्या पानावर हलवली आणि मूळ पानावर फक्त दुवा ठेवला.

एकाच विषयावरील तीन पाने एकत्र करताना जुने पत्ते नव्या पानाकडे वळवावेत, कारण लोकांनी ते दुवे जागोजागी दिलेले असतात. मूळ लेखकाला आधी विचारावे. स्वतःचे पान न सांगता नाहीसे झालेले पाहून चांगला माणूस कायमचा निघून जातो. गिट ही फायलींतले बदल नोंदवणारी प्रणाली न येणाऱ्यांसाठी प्रत्येक पानावर 'हे पान सुधारा' असा दुवा असावा, आणि कोणाचीही पहिली दुरुस्ती दोन-तीन दिवसांत तपासली जाईल याची जबाबदारी एकाने घ्यावी. मराठी अनुवाद मूळ पान स्थिरावल्यावरच हाती घ्यावा, पण अनुवादकांच्या शंका मात्र जरूर नोंदवून ठेवाव्यात, कारण प्रत्येक वाक्य इतक्या बारकाईने दुसरे कोणीही वाचत नाही.

आपल्याकडे सुरुवात सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या दहा पानांपासून करावी. प्रत्येकावर सांभाळणाऱ्याचे नाव आणि कोणत्या आवृत्तीवर ते शेवटचे तपासले हे लिहावे, मगच पुढची दहा घ्यावीत. तीन महिन्यांत ज्या पानांना धनी मिळणार नाही, त्यांवर ती जुनी असल्याचा ठळक शेरा टाकून ती वेगळ्या संग्रहात हलवावीत, म्हणजे दुवे चालू राहतील आणि नवखा वाचक चुकून त्यांवर विसंबणार नाही.