वाटेवरचे प्रश्न : फोन असताना कागदी नकाशा कशाला?

प्रश्न : यंदा गणपतीला पुण्याहून गुहागरजवळच्या गावी गाडी मी नेणार आहे. बाबा कपाटातला जुना कागदी नकाशा बरोबर घ्यायलाच लावतात. मी म्हणते, फोनवर सगळं दिसतं. गावाकडे रेंज नसते, हे मात्र खरं. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, मी ३१ वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी कोकणातल्या घाटांत. बाबांचं ऐका, नकाशा घ्या. फोनही घ्या.

आधी रेंजचं सांगतो. रेंज गेली म्हणून जीपीएस बंद पडत नाही. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश पकडून फोन आपली जागा ठरवतो. ४ उपग्रह मिळाले की झालं, सिमकार्डही लागत नाही. रेंज लागते ती नकाशाचं चित्र यायला आणि पुढे वाहतूक कुठे तुंबलीय ते कळायला. म्हणून आदल्या रात्री घरच्या वायफायवर सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा.

फोनची खरी अडचण वेगळीच आहे. निवृत्तीनंतर एकदा जुलैत भाच्याची गाडी घेऊन चिपळूणकडे चाललो होतो. फोन म्हणाला, डावीकडे वळा, ११ मिनिटं वाचतील. वळलो. थोड्या वेळात डांबर संपलं, मग दोन चाकोऱ्यांच्या मधे गवत लागलं आणि शेवटी समोर साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, पाण्याखाली गेलेला. गाडी वळवायला जागा नाही. भाचा भर पावसात मागे उभा राहून हात दाखवतोय आणि मी अर्धा किलोमीटर रिव्हर्समध्ये. मोठ्या रस्त्याला लागल्यावर डिकीतला नकाशा उघडला, तर ती वाट केसाएवढ्या बारीक, तुटक रेघेने काढलेली. छापणाऱ्याने आधीच सांगून ठेवलं होतं. फोनवर मात्र महामार्ग काय नि बैलगाडीची वाट काय, सगळीकडे एकाच जाडीची निळी पट्टी.

तेव्हा निघायच्या आधी नकाशा जमिनीवर पसरा आणि बाबांना शेजारी बसवा. चिपळूणला उतरायला ताम्हिणी आहे, वरंधा आहे, कराडवरून कुंभार्ली आहे. वरंध्याचा मोह होईल, पण पावसाळ्यात दरडींमुळे तो बरेचदा बंद असतो. मी कुंभार्लीच धरेन : कराड, पाटण, कोयनानगर, घाट, चिपळूण, गुहागर. ही नावं क्रमाने चिठ्ठीवर लिहा आणि फोनमध्येही मधले थांबे म्हणून घाला, म्हणजे तो आपल्या मनाने भलतीकडे नेणार नाही. कराडपासून गुहागरपर्यंत राष्ट्रीय महामार्गच आहे. अशा रस्त्याच्या कडेच्या दगडाचं डोकं पिवळं असतं. हिरवं दिसायला लागलं तर ती राज्य मार्गाची खूण. गाडी बाजूला घ्या आणि बघा.

बाबांनी नकाशावर पेन्सिलीने काही खुणा केल्या असतील, तर त्या एकदा विचारून घ्या. माझा नकाशा घड्यांवर फाटलाय, चिकटपट्टीवर तगलाय. त्यात कोयनानगरच्या पुढे एक फुली आहे. तिथे मला दोनदा इतकं दाट धुकं लागलं, की डाव्या बाजूने उतरून कंडक्टर पुढे चालत होता. असली माहिती कुठल्याच फोनमध्ये नाही.

आणि वाटेत कुणाला विचाराल, तर ‘हा रस्ता गुहागरलाच जातो ना?’ असं विचारू नका. माणसं भिडेखातर ‘हो’ म्हणतात. ‘गुहागरला कुठून जायचं?’ असं विचारा. गावाजवळच्या शेवटच्या तिठ्यावर फोनने आतली वाट दाखवली, तर आणखी एक प्रश्न : ‘पावसात एसटी जाते का इकडून?’ जाते म्हणाले, तर तुमचीही गाडी जाईल.