गाणी घ्या नाहीतर गोष्ट घ्या: जुने संगीतमय चित्रपट पुन्हा काढावेत का?

तुम्ही विचारलंय की लोकांच्या मनात घर करून बसलेले जुने संगीतप्रधान चित्रपट नव्याने काढावेत का, त्यांचे पुढचे भाग यावेत का, की त्यांना हातच लावू नये. सरसकट हो किंवा नाही म्हणणं मला जमणार नाही. मी प्रत्येक वेळी एकच गोष्ट बघतो. त्यातली गाणी अनेकांनी अनेकदा गावीत अशाच बेताने जन्मली होती का? तसं असेल तर खुशाल पुन्हा काढा. आणि ती एका गळ्यासाठी, एका चेहऱ्यासाठी, एखाद्या डोंगरासाठी बांधलेली असतील, तर तो पैसा मूळ प्रिंट दुरुस्त करण्यात घाला.

मराठीत या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ‘कट्यार काळजात घुसली’. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक १९६७ साली रंगमंचावर आलं. संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं आणि मत्सराने पेटलेले गायक खाँसाहेब यांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे. ज्यांनी तो प्रयोग पाहिला त्यांच्यासाठी खाँसाहेब म्हणजे वसंतरावच, दुसरं कोणी नाही. त्यामुळे २०१५ च्या दिवाळीत सुबोध भावे यांचा चित्रपट यायचा होता तेव्हा भल्याभल्यांनी नाकं मुरडली. अभिषेकींच्या चालींच्या शेजारी शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी? पडद्यावर खाँसाहेब म्हणून सचिन पिळगांवकर? शंका अगदी रास्त होती.

तरीही तो चित्रपट उभा राहिला, आणि मला वाटतं त्याचं मूळ नाट्यसंगीताच्या स्वभावात आहे. नाट्यपद एकाच गळ्यात कधी अडकून पडलेलं नाही. खाडिलकरांचं ‘मानापमान’ हे संगीत नाटक घ्या. १९११ साली गोविंदराव टेंबे यांनी त्याच्या चाली दिल्या. बालगंधर्वांनी त्यातली नायिका भामिनी गाजवली. पुढे मास्टर दीनानाथांनी नायक धैर्यधराची पदं आपल्या धारदार, झेप घेणाऱ्या ढंगात गायली आणि त्यांचा रंगच पालटून टाकला. त्याने जुनं काही बुडालं नाही. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, तेव्हा बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एकाच रंगमंचावर उभे राहिले. त्या प्रयोगाला लोटलेल्या गर्दीला कथानक तोंडपाठ होतं. लोक आले ते माहीत असलेलं पद आज कोण कसं मांडतो हे ऐकायला. आपल्याकडे ‘वन्स मोअर’ची परंपरा आहे तीही याच कारणाने. तेच पद त्याच रात्री दुसऱ्यांदा घेताना गायक वेगळ्या जागा घेतो, आणि त्या ऐकण्यासाठीच तर वन्स मोअर असतो.

‘कट्यार’मध्ये तर हाच विषय आहे. ‘घेई छंद मकरंद’ हे पद आठवा. शब्द तेच, पण खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गायक पंडित भानुशंकर यांच्या घराण्याची मांडणी निराळी आणि खाँसाहेबांची निराळी. एका चालीत भुंगा फुलावर अलगद टेकतो, दुसरीत तानांचा नुसता पाऊस. एकच कविता दोन वेगळ्या स्वभावांच्या माणसांच्या तोंडी कशी बदलते हे अभिषेकींनी चालीतूनच सांगितलं, त्याला संवादाची गरज ठेवली नाही. आणि ‘या भवनातील गीत पुराणे’ ऐकताना मला नेहमी तुमच्यासारखेच प्रश्न पडतात. खाँसाहेब पंडितांच्या हवेलीत शिरतात आणि जुने, मऊ सूर इथून दूर जाऊ द्या म्हणतात. जुनं गाणं हटवून नवं बसवायचं की दोन्हीला एका छताखाली जागा द्यायची, या पेचावर ते सगळं नाटक उभं आहे. असं नाटक नव्याने न करणं हाच त्याच्यावर अन्याय ठरला असता.

दुसरं कारण माणसांचं. चित्रपटात खाँसाहेबांचा आवाज राहुल देशपांडे यांचा आहे. ते वसंतरावांचे नातू, आणि चित्रपटाच्या आधीच रंगमंचावर खाँसाहेब करत होते. पंडितांचा शिष्य सदाशिव, त्याचा आवाज महेश काळे यांचा. ते अभिषेकीबुवांचे शिष्य, आणि याच चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे निर्मात्यांच्या हातात आधी गळे होते. माझ्या मते संगीतमय चित्रपट नव्याने काढायचा तर हाच क्रम हवा. बहुतेक वेळा उलटं होतं. आधी चेहरे ठरतात, मग पोस्टर होतं, आणि गाणार कोण हा विचार सगळ्यात शेवटी.

चित्रपटात मला सगळंच पटलं असं नाही. खाँसाहेबांचा मत्सर फार ठळक, फार सोपा केलाय. नाटकातला खाँसाहेब वाईट वागतानाही गाण्याशी प्रामाणिक वाटतो आणि त्यामुळे त्याचा राग येता येता थांबतो. पडद्यावर ती घालमेल पातळ झाली. पण माझी भाची शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘सूर निरागस हो’ गायली, मग तिने चित्रपट पाहिला आणि त्यातून ती वसंतरावांच्या मूळ ध्वनिमुद्रणापर्यंत पोहोचली. आता घरी दोन्ही लागतं. तिला कोणी ‘आमच्या वेळचं खरं’ असं ऐकवलं असतं, तर ती तिथपर्यंत गेलीच नसती. २०२५ च्या जानेवारीत त्याच चमूचा ‘संगीत मानापमान’ आला. तो मला तितका भिडला नाही, कारण पदांना श्वास घ्यायला जागाच कमी होती. पण प्रयत्न करायला नको होता असं मात्र मी म्हणणार नाही.

आता ‘पिंजरा’. व्ही. शांताराम यांचा १९७२ चा चित्रपट, संगीत राम कदम यांचं, गाणी जगदीश खेबुडकरांची. ‘पिंजरा’ला कोणी हात लावायचा नाही असं छातीठोकपणे म्हणणारे खूप भेटतात. पण ‘पिंजरा’ची गोष्ट मुळात १९३० च्या ‘ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटावरून आलेली आहे, आणि तो चित्रपट हाइनरिश मान यांच्या कादंबरीवरून. शाळामास्तर एका नाचणारीच्या नादी लागून धुळीला मिळतो, एवढा गाभा शांतारामबापूंनी उचलला. बाकी सगळं इथलं: फड, राहुट्या, ढोलकी, सोंगाड्या, गावाच्या आदर्शाचं ओझं वागवणारे गुरुजी. त्या जर्मन चित्रपटातलं एकही गाणं त्यांनी मराठीत ओढून आणलं नाही. ‘दिसला ग बाई दिसला’ ऐकताना बर्लिनची आठवण कोणाला येत नाही.

ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. ‘कट्यार’ने गाणी घेतली आणि गोष्टीची मांडणी बदलली. ‘पिंजरा’ने गोष्ट घेतली आणि गाणी मुळापासून नवी केली. दोन्ही वाटा चालतात. गोष्टही तीच, गाणीही तीच, फक्त चेहरे ताजे आणि वाद्यमेळ भरगच्च, अशा तिसऱ्या वाटेवरून गेलेलं काही माझ्या तरी मनात टिकलेलं नाही.

अमेरिकेतही मला असंच दिसतं. ‘वेस्ट साइड स्टोरी’ १९५७ साली आधी रंगमंचावर आलं, १९६१ साली त्याचा चित्रपट झाला आणि २०२१ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी तो पुन्हा काढला. संगीत लेनर्ड बर्नस्टाइन यांचंच ठेवलं, पटकथा नवी लिहून घेतली. पहिल्या चित्रपटात पोर्तोरिकन मारियाचं काम नॅटली वुड यांनी केलं होतं आणि गाण्यातला आवाज मार्नी निक्सन यांचा होता. जी खरोखर पोर्तोरिकन होती त्या रीटा मोरेनो यांनाही चेहऱ्यावर गडद रंग फासून उभं केलं होतं. नव्या चित्रपटात ती चूक सुधारली आणि त्याच मोरेनो वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर नव्या भूमिकेत गायल्या. पुन्हा काढायला याहून सबळ कारण कुठलं असणार?

पण ‘जैत रे जैत’ला कोणी हात लावू नये, असं मी अगदी कळकळीने सांगेन. १९७७ चा जब्बार पटेलांचा चित्रपट, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत आणि ना. धों. महानोरांची गाणी. लिंगोबाच्या डोंगराच्या अंगाखांद्यावर राहणारे ठाकर आदिवासी, राणीमाशीवर सूड घ्यायला निघालेला नाग्या आणि त्याच्या पाठीशी उभी राहिलेली चिंधी. इथे गाणी कथेच्या मध्ये येत नाहीत, कथाच गाण्यांतून पुढे सरकते. ‘मी रात टाकली’ बघा. चिंधी नको झालेला संसार मागे टाकून निघते. तिथे स्मिता पाटील यांनी नाच म्हणून काही केलेलं नाही. त्या चालतात, वळतात, मान वर करतात, आणि त्या चालण्याचा ठेका खालच्या ढोलात आहे. लताबाईंचा आवाज, तो ढोल आणि स्मिताबाईंची चाल हे तीन वेगळे करताच येत नाहीत. ‘नभ उतरू आलं’ आशाबाईंनी ज्या दबक्या, ओल्या आवाजात गायलंय, तो आवाज त्या रानाचाच वाटतो. ही गाणी मैफलीत कोणीही गावीत, लोक गातातही आणि छान गातात. पण ती पुन्हा चित्रित करायला गेलात तर हातात एक सुंदर पर्यटनपट येईल. लिंगोबाचा तो डोंगर, म्हणजे कर्नाळ्याचा सुळका, आता मुंबई-गोवा महामार्गावरच्या रहदारीतून दिसतो, आणि ठाकरांचं जगणंही तेव्हाचं राहिलेलं नाही. नव्या पिढीच्या एखाद्या ठाकर मुलाने किंवा मुलीने आपल्या आजच्या जगण्यावर नव्या गाण्यांचा चित्रपट काढला, तर तो मी पहिल्या दिवशी जाऊन बघेन.

पुढच्या भागांबद्दल मला फार सांगण्यासारखं नाही. चांगल्या संगीतमय चित्रपटात शेवटच्या गाण्याशी भावना संपलेली असते, मग उरतात त्या फक्त घटना. ‘पिंजरा’त गुरुजी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली दोषी ठरतात. त्याच्या पुढे काय लिहिणार? ‘मेरी पॉपिन्स’ १९६४ चा, त्याचा पुढचा भाग २०१८ साली आला. कष्टाने आणि प्रेमाने केलेला आहे, पण त्यातलं प्रत्येक गाणं पहिल्या चित्रपटातल्या कुठल्यातरी गाण्याच्या जागी बसवल्यासारखं वाटतं. बाहेर पडताना मी जुनीच गाणी गुणगुणत होतो.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार लागते आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस स्वतः गायले, व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातलं ‘आधी बीज एकले’ शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलं, आणि लोकांनी ते तुकोबांचाच अभंग समजून देवघरात नेलं. २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘तुकाराम’ काढला, जितेंद्र जोशी यांना घेऊन, चमत्कारांपेक्षा माणसाकडे बघत. तो काढायलाच हवा होता, कारण अभंग कोणा एका चित्रपटाचे नाहीत, वारीत ते रोज नव्याने गायले जातात. पण पागनिसांचे डोळे, गौरीबाईंची तोंडाळ आणि मायाळू जिजाई हे फक्त त्या फिल्मवर आहे. आणि फिल्म जळते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात प्रभातच्याच जुन्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि जुनी, सहज पेट घेणारी नायट्रेट फिल्म, त्यात प्रभातचाही ठेवा, खाक झाली. नव्याने काढलेला चित्रपट पडला तर दहा वर्षांनी दुसरा कोणी काढेल. गेलेली निगेटिव्ह परत येत नाही.

म्हणून कोणी जुना चित्रपट पुन्हा काढायचे हक्क घेत असेल, तर मूळ चित्रपट स्वच्छ करून आधी चित्रपटगृहात लावावा असं मला मनापासून वाटतं. श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ तसा झाला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो दुरुस्त केला, २०२४ साली कान चित्रपट महोत्सवात दाखवला आणि मग आपल्याकडे थिएटरात लागला. पडदाभर स्मिता पाटील बघितल्यावर मोबाइलवरच्या धुरकट प्रती किती गरीब आहेत ते कळतं. ‘जैत रे जैत’ तशा रूपात, खणखणीत ढोलासकट, तालुक्याच्या गावापर्यंत जावा.

आणि पुन्हा काढायचंच असेल तर गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत संशयकल्लोळ’ घ्या. १९१६ चं नाटक, फ्रेंच नाटककार मोलिएरच्या एका प्रहसनाच्या वंशातलं, म्हणजे तेही आधीच दोन-तीन घरं फिरून आलेलं. त्यातल्या संशयी नवऱ्याचा, फाल्गुनरावाचा, संशय आजही जसाच्या तसा लागू आहे. काळ तोच ठेवा, ‘कर हा करी धरिला’ आणि ‘मृगनयना रसिकमोहिनी’ ठेवा, आणि नायक अश्विनशेठ म्हणून असा मुलगा निवडा जो कॅमेऱ्यासमोर खरोखर गाऊ शकेल. २०१२ च्या ‘ले मिझराब्ल’मध्ये नटांनी गाणी सेटवरच गायली होती, तशी. आपल्याकडे पुणे, मिरज, गोवा इथे असे गळे आज तयार आहेत. त्यांना विचारणारा निर्माता हवा.