आईला पेसमेकर आहे, डाव्या स्तनाच्या कर्करोगासाठी १५ सिटिंगमध्ये ४० ग्रे रेडिएशन सांगितलंय. ते दिलेलं चालेल का?

बहुतेक वेळा चालतं. पण आधी एक करा. आईला पेसमेकर आहे हे प्लॅनिंगचा सीटी (किरण कुठून, किती द्यायचे ते आखण्यासाठीचा स्कॅन) होण्याआधी तिथल्या फिजिसिस्टपर्यंत, म्हणजे किरणांच्या मात्रेचा हिशोब बघणाऱ्यापर्यंत, पोचलंय का, ते स्वतः विचारा. मी रेडिएशन विभागात फिजिसिस्ट आहे. 'कधी ऑपरेशन झालंय का?' म्हटलं की पेशंट बिनदिक्कत 'नाही' म्हणतात, आणि सीटीच्या टेबलावर गळपट्टीच्या हाडाखाली उंचवटा दिसतो. मग उत्तर येतं, 'ते होय? ती बॅटरी आहे!'

पेसमेकरमध्ये बॅटरीसोबत सिलिकॉनची चिप असते, आणि किरणांचा त्रास होतो तो मुख्यतः तिला. म्हणून आम्ही दोन गोष्टी बघतो. पहिली, पेसमेकरला मिळणारी एकूण मात्रा. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या फिजिसिस्टांच्या संघटनेने २ ग्रेची (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) मर्यादा घातली होती. २०१७ मध्ये तिथल्याच हृदयलयतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की मात्रा ५ ग्रेच्या आत राहत असेल तर पेसमेकर हलवायची गरज नाही. तुम्ही लिहिलंय १५ सिटिंगमध्ये ४० ग्रे. ती मात्रा स्तनाची. शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या, कडेपासून चार बोटं लांब गेलं तरी ती झपाट्याने उतरते. गळपट्टीच्या हाडावरच्या लसिकाग्रंथींनाही शेक द्यायचा असेल तर मात्र पेसमेकर थेट किरणांत येऊ शकतो. मग तो उजवीकडे हलवायचा का, हे हृदयाच्या डॉक्टरांना बसवून ठरवावं लागतं. तीही एक शस्त्रक्रियाच, जंतुसंसर्गाचा धोका धरून.

दुसरी गोष्ट लोकांना खरी वाटत नाही: किरणांची ऊर्जा. १० एमव्हीच्या (मेगाव्होल्ट, या ऊर्जेचं माप) वर गेलं की मशीनमधून न्यूट्रॉनही निघतात, आणि ते खोलीभर पसरतात. त्यामुळे १५ एमव्हीने ओटीपोटाला शेक देतानाही छातीतला पेसमेकर अचानक रीसेट होऊ शकतो. स्तनासाठी सहसा ६ एमव्ही पुरतं, तेव्हा 'किती एमव्हीने देणार?' हे बेधडक विचारा.

आईचं हृदय पूर्णपणे पेसमेकरवरच चालतं का, हेही विचारून ठेवा. तसं असेल तर सिटिंगच्या वेळी ईसीजीवर लक्ष ठेवणारं कुणीतरी हवं. शॉक देणारं यंत्र, म्हणजे आयसीडी, असेल तर सिटिंगपुरता शॉक बंद ठेवतात. छातीवर लोहचुंबक ठेवायचा सल्ला कुणी सहज दिला तर ऐकू नका: साध्या पेसमेकरवर चुंबक ठेवला की ठोके ठरावीक गतीला बांधले जातात, आयसीडीवर ठेवला की शॉक थांबतो.

शेक सुरू होण्याआधी आणि संपल्यावर पेसमेकर तपासून घ्या. मधे घेरी आली, नाडी मंदावली, तर पुढच्या सिटिंगची वाट बघू नका.

आणि पेसमेकर बसवताना मिळालेलं ते छोटं कार्ड शोधा. कंपनी, मॉडेल, बसवल्याची तारीख सगळं त्यावर असतं. बहुधा जुन्या फायलीत किंवा देवघराच्या खणात सापडेल.