उधारीची फाइल कोणाकडे अडकलीय?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं आडत दुकान आहे. मालकांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवरच्या शेअर फोल्डरमध्ये उधारीची एक्सेल फाइल आहे, ती आम्ही चौघं वापरतो. रोज दुपारी ‘फाइल ॲडमिनने उघडलेली आहे, फक्त वाचता येईल’ असा मेसेज येतो. विचारावं तर प्रत्येक जण म्हणतो, मी नाही. शेवटी मी कॉपी करून काम उरकतो. फाइल नक्की कोणाकडे आहे, हे कसं शोधायचं?
– एक हिशेबनीस, सांगली

उत्तर : आधी ते कॉपी करणं थांबवा, हात जोडून सांगतो. एखाद्या खरेदीदाराचा चेक मूळ फाइलमध्ये जमा पडला आणि त्याची नवी खरेदी तुमच्या कॉपीत नावे पडली, की त्याची खरी बाकी दोन्हीकडे सापडत नाही. मार्चअखेरीला ते निस्तरायला तुम्हालाच बसावं लागेल.

तुमचे सहकारी खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. एक्सेलची फाइल पहिल्यांदा जो उघडतो, त्याचं नाव नोंदवणारी एक छोटी लपलेली फाइल त्याच फोल्डरमध्ये तयार होते. फाइलचं नाव मूळ फाइलचंच, फक्त सुरुवातीला टिल्ड (~) आणि डॉलरची ($) खूण. आकार जेमतेम १६५ बाइट. मेसेजमधलं नाव तिथून येतं, आणि तिथे ते येतं त्या मशीनवरच्या एक्सेलच्या ‘ऑप्शन्स’मधून. ‘जनरल’ पानावर ‘युजर नेम’ अशी चौकट असते. मशीन लावून देणाऱ्याने चारही ठिकाणी ‘ॲडमिन’ टाकलं असेल, तर कोणीही फाइल उघडली तरी नाव ॲडमिनचंच दिसणार. आजच प्रत्येक मशीनवर तिथे ज्याचं त्याचं नाव घाला. पाच मिनिटांचं काम आहे.

पक्का पुरावा मात्र केबिनमधल्या कॉम्प्युटरवरच मिळेल, कारण फाइल तिथे आहे. मालकांना विचारून ॲडमिनिस्ट्रेटरच्या लॉगिनने तिथे बसा. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ उघडा, डावीकडे ‘शेअर्ड फोल्डर्स’ आणि त्याखाली ‘ओपन फाइल्स’. नेटवर्कवरून उघडलेली प्रत्येक फाइल तिथे दिसते. ‘ॲक्सेस्ड बाय’ म्हणजे कोणाच्या लॉगिनने उघडली ते. सगळ्यात महत्त्वाचा रकाना ‘ओपन मोड’. नुसतं ‘रीड’ असेल तो माणूस वाचतोय. ‘राइट’ आणि ‘रीड’ दोन्ही असेल, त्याच्याकडे फाइल अडकलीय. मालकांनी ती केबिनमध्येच थेट उघडली असेल, तर ती या यादीत येत नाही. तेव्हा त्यांच्या स्क्रीनवरही एक नजर टाका.

चौघंही एकाच लॉगिनने त्या फोल्डरमध्ये शिरत असाल, तर इथेही एकच नाव दिसेल. अशा वेळी त्याच मशीनवर पॉवरशेल (आज्ञा टाइप करण्याची विंडोजची खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘गेट-एसएमबीओपनफाइल’ (Get-SmbOpenFile) ही आज्ञा इंग्रजीत, मधल्या रेघेसकट टाइप करा. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२पासून ती आहे. पुढे पाइपची उभी रेघ (|) देऊन ‘फॉरमॅट-लिस्ट’ (Format-List) जोडलंत, तर फाइलचा पत्ता, लॉगिन आणि क्लायंट कॉम्प्युटर, म्हणजे ज्या मशीनवरून फाइल उघडली ते, असं सगळं एकाखाली एक दिसेल. क्लायंट कॉम्प्युटरच्या जागी बहुतेक वेळा आयपी ॲड्रेस, म्हणजे त्या मशीनचा नेटवर्कवरचा क्रमांक असतो. कोणत्या टेबलावर कोणता ॲड्रेस आहे ते कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवून ठेवा. राउटर ॲड्रेस आपोआप वाटत असेल, तर ते अधूनमधून बदलतात, म्हणून चारही मशीनचे ॲड्रेस कायमचे ठरवून घ्या.

‘ओपन फाइल्स’मध्ये राइट क्लिक केल्यावर फाइल बंद करण्याचा पर्यायही येतो. हात शिवशिवतील, पण तो लगेच वापरू नका. समोरच्याने सेव्ह न केलेल्या नोंदी त्याने जाऊ शकतात, आणि त्या नोंदी कोणाच्या तरी पैशांच्या आहेत. टेबल सापडलं की उठून जा आणि त्याला सेव्ह करून फाइल बंद करायला सांगा. जेवायला गेला असेल तर फोन करा. मशीनच हँग झालेलं असेल, तेव्हाच तिकडून बंद करा.

लाइट जाऊन एखादं मशीन मध्येच बंद पडलं, तर ती १६५ बाइटची फाइल कधीकधी मागे राहते आणि कोणी नसताना कुलूप दिसत राहतं. ‘ओपन फाइल्स’मध्ये कोणी नाही आणि मालकांच्या स्क्रीनवरही फाइल बंद आहे, ही खात्री झाली की ती काढून टाका. उधारीची मूळ फाइल सोडून फक्त टिल्ड आणि डॉलरवाली.

चौघांना एकाच वेळी लिहायचंच असेल, तर अशा साध्या शेअर फोल्डरमध्ये ते नीट जमत नाही. फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीत) न्यावी लागेल आणि मशीनवरच्या एक्सेलमध्येच लिहायचं असेल, तर चारही मशीनवर नवं ऑफिस लागेल. तो खर्च मालकांशी बोलून ठरवा.