लॉरा मार्लिंगचं एकही गाणं तुफान गाजलेलं नाही, तरी तिला इतकं का मानतात?

प्रश्न रास्त आहे. लॉरा ही इंग्लंडची फोक, म्हणजे लोकसंगीताच्या वळणाची गायिका, आपली गाणी स्वतःच लिहिणारी. मर्क्युरी या मानाच्या ब्रिटिश पुरस्काराच्या अंतिम यादीत तिचे चार अल्बम येऊन गेले, २००८, २०१०, २०१३ आणि २०२० साली. चारही वेळा बक्षीस दुसऱ्यांनी नेलं. पण सगळ्यांना तोंडपाठ असलेलं तिचं एखादं गाणं सांगा म्हटलं, तर मीसुद्धा अडखळेन. माझ्या मते याचं कारण तिच्या स्वभावात आहे. गर्दी जमायला लागली, की ही बाई वाट बदलते.

जन्म १९९० चा, हॅम्पशरमधल्या एव्हर्सलीत वाढलेली. वडील रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवायचे. गिटार त्यांनीच शिकवली. सोळाव्या वर्षी ती लंडनला आली, तेव्हा तिथे तिच्याच वयाच्या फोकवाल्या पोरापोरींचा एक कट्टा जमला होता. ती ‘नोआ अँड द व्हेल’ या बँडमध्ये गायची, आणि ते नाव सर्वतोमुखी व्हायच्या आतच बाहेर पडली. त्याच सुमारास लंडनच्या सोहो भागातल्या एका ठिकाणी तिचाच कार्यक्रम असूनही वय कमी म्हणून तिला आत सोडलं नाही, तर तिने बाहेर फुटपाथवर उभं राहून गाणी म्हटली. पहिला अल्बम ‘अलास, आय कॅनॉट स्विम’ आला तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची होती.

सुरुवातीच्या दिवसांत तिच्यामागे ड्रम्स वाजवणारा मुलगा होता मार्कस मम्फर्ड. पुढे त्याच्या ‘मम्फर्ड अँड सन्स’ या बँडने मोठमोठी मैदानं भरली आणि २०१३ साली वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमीही घेतलं. लॉराला २०११ मध्ये सर्वोत्तम ब्रिटिश गायिकेचं ब्रिट अवॉर्ड मिळालं होतं, म्हणजे दार तिच्यासाठीही उघडं होतं. तिने त्याच वर्षी काय केलं, तर इंग्लंडमधल्या कॅथेड्रलांमध्ये गाण्याचा दौरा काढला!

आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसलेली एक गोष्ट इथेच सांगतो. ती आणि मम्फर्डवाले दिल्लीत ‘धरोहर प्रोजेक्ट’च्या राजस्थानी लोककलावंतांबरोबर बसले आणि २०१० मध्ये चार गाण्यांची एक छोटी रेकॉर्ड निघाली. त्यात तिचं ‘डेव्हिल्स स्पोक’ आणि ‘स्नेह को मारग’ एकमेकांत मिसळलंय. अशा देवाणघेवाणीत बऱ्याचदा आपले कलाकार मागे सजावटीला असतात, म्हणून मी जरा धास्तावूनच ऐकलं होतं. पण त्यांचे आवाज भरभरून पुढे येतात, आणि तिची गिटारची घाईची चाल त्यांच्या ठेक्यावर बेमालूम बसते.

आता मुख्य मुद्दा: तिला मानतात ते कशासाठी? माझं उत्तर ‘वन्स आय वॉज अॅन ईगल’ हा अल्बम, साल २०१३. सोळा गाणी, तासाभराहून जास्त. सुरुवातीची चार गाणी मध्ये न थांबता एकातून दुसऱ्यात वाहत जातात. निर्माता ईथन जॉन्ससमोर तिने गिटार आणि आवाज एकाच वेळी, सलग रेकॉर्ड केले, बाकीची वाद्यं नंतर चढवली. त्यामुळे लय कुठे पुढे सरकते, कुठे मागे रेलते, आणि ते कुणी सरळ करायला गेलेलं नाही. प्रेमभंगाची गाणी आहेत खरी, पण रडगाणं कुठेच नाही. समोरच्याचा हिशेब चुकता करता करता ती स्वतःलाही सोडत नाही. तेव्हा तिचं वय तेवीस होतं, यावर माझा अजून नीट विश्वास बसत नाही.

मधली वर्षं भरभर सांगतो. काही काळ लॉस एंजेलिसला मुक्काम, २०१५ मध्ये ‘शॉर्ट मूव्ही’, ज्यात इलेक्ट्रिक गिटार आली. २०१७ च्या ‘सेम्पर फेमिना’ला ग्रॅमी नामांकन. शिवाय संगीतकार माइक लिंडसेबरोबर ‘लम्प’ नावाची जोडी जमवून केलेला वेगळाच खेळ, जो मला अर्धाच पचतो.

२०२० च्या टाळेबंदीत बहुतेक जण अल्बम पुढे ढकलत होते. तिने ‘साँग फॉर अवर डॉटर’ ठरलेल्या तारखेच्या कितीतरी आधी, एप्रिलमध्येच काढला. जूनमध्ये लंडनच्या युनियन चॅपलमध्ये एकही श्रोता नसताना एकटी गायली आणि लोकांनी तिकीट काढून ते घरबसल्या पाहिलं. शिवाय इन्स्टाग्रामवर आपलीच गाणी वाजवायला शिकवली. गिटार वाजवणाऱ्यांसाठी ही मेजवानी होती, कारण तिचं ट्यूनिंग, म्हणजे तारा कुठल्या सुरांत लावायच्या ते, गाण्यागणिक बदलतं, आणि नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये बोटं कितीही झिजवली तरी तो घुमारा येत नाही.

मुलीच्या जन्मानंतरचा ‘पॅटर्न्स इन रिपीट’ २०२४ चा. बराचसा घरीच रेकॉर्ड केलेला, ड्रम्स नाहीत, आणि ‘चाइल्ड ऑफ माइन’च्या सुरुवातीला बाळाचा आवाजही ऐकू येतो. आई झाल्यावरची गाणी गुळचट होतील अशी भीती असते. इथे तसं होत नाही.

ऐकायला सुरुवात करायची तर ‘ईगल’पासून नको, दमाल. आधी ‘पॅटर्न्स इन रिपीट’ घ्या, मग २०१० चा ‘आय स्पीक बिकॉज आय कॅन’, आणि ते आवडलं तर हेडफोन लावून ‘ईगल’ची पहिली चार गाणी सलग ऐका. शफलवर मात्र चुकूनही नको.