मासे मेले, पालक पिवळा, आता काय करू? परसातल्या अ‍ॅक्वापोनिक्सबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात टपालात सगळीकडे अ‍ॅक्वापोनिक्सच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत, माशांच्या टाकीतलं पाणी पंपाने वर खडीच्या वाफ्यात सोडायचं, वाफ्यात भाजी लावायची, आणि पाणी खडीतून गाळून परत खाली टाकीत. माती नाही, युरिया नाही. व्हिडिओत बघायला इतकं सोपं वाटतं की बहुतेकांची पहिली बॅच मरतेच, माझीही मेलेली आहे.

प्रश्न: ताई नमस्कार. रिटायर झालोय, घरामागे जागा पडून होती म्हणून व्हिडिओ बघून सिस्टिम केली. भंगारवाल्याकडून लोखंडी जाळीतली हजार लिटरची पांढरी टाकी आणली, वरचा फूटभर भाग कापून त्याचा वाफा केला, खाली बोअरचं ६०० लिटर पाणी. दुसऱ्याच दिवशी रोहूच्या ६० बोटुकल्या सोडल्या. पाणी एकदम काचेसारखं, नातवंडं खूश, दिवसातून चार वेळा दाणे टाकत होती. सहाव्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले आणि आठवड्यात २२ गेले. पालकाची नवीन पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून पाणी तपासायचं किट आणून बघितलं तर अमोनिया ४ आणि पीएच ८.२. सगळं पाणी बदलून टाकू का? ही म्हणते बंद करा तो खेळ आणि बाजारातून आणा. – एक वाचक, मिरज

उत्तर: काका, काकूंना सांगा अजून दीड महिना द्या. आणि किट आणलंत हे फार छान केलंत, नाहीतर मला लोक नुसते मेलेल्या माशाचे फोटो पाठवतात आणि विचारतात काय झालं.

काचेसारख्या पाण्यानेच तुम्हाला फसवलं. अमोनिया डोळ्याला दिसत नाही. मासा खातो त्यातला नायट्रोजन तो मुख्यतः कल्ल्यांतून अमोनिया म्हणून बाहेर टाकतो, आणि हा अमोनिया झाडाच्या कामाचा व्हायला दोन प्रकारचे जिवाणू लागतात, नायट्रोसोमोनास त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पिरासारखे दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. ते नायट्रेट पालक खातो. हे जिवाणू आपोआप येतात, खडीवर चिकटून वाढतात, पण त्यांना चार ते सहा आठवडे लागतात आणि थंडीत अजून जास्त. तुम्ही दुसऱ्या दिवशी ६० मासे सोडले म्हणजे दुधात विरजणच घातलं नाही आणि सकाळी दही का नाही म्हणून विचारताय.

त्यात तुमचा पीएच ८.२, म्हणजे पाणी अल्कधर्मी, आम्लाच्या उलट. अमोनियाचे पाण्यात दोन प्रकार असतात, एक बराच निरुपद्रवी आणि एक विषारी, आणि पीएच नि तापमान वाढलं की विषारी वाढतो. २८ डिग्रीच्या पाण्यात पीएच ७ असता तर तुमच्या त्या ४ पैकी एक टक्कासुद्धा विषारी नसता, ८.२ ला जवळजवळ दहा टक्के आहे. किट दोन्ही प्रकार मिळून तोच ४ चा आकडा दाखवतं, मासा मात्र मरतो.

आता लगेच काय करायचं. दाणे पूर्ण बंद, तीन-चार दिवस, नातवंडं रडली तरी चालेल, मासे उपाशी मरत नाहीत. रोज एक तृतीयांश पाणी बदला, सगळं एकदम नको, उरलेल्यांना धक्का बसेल. बदललेलं पाणी झाडांना घाला, ते खतच आहे. एअर पंप दिवसरात्र चालू. काही दिवसांनी अमोनिया उतरायला लागेल आणि नायट्राइट चढेल, आणि इथेच लोक सुटलो म्हणून परत खायला घालतात, पण नायट्राइट माशाच्या रक्तात जाऊन त्याला प्राणवायू घेऊ देत नाही. त्यावर साधं जाडं मीठ, आयोडीन नसलेलं, लिटरला १ ग्रॅम म्हणजे तुमच्या टाकीला ६०० ग्रॅम, बादलीत विरघळवून थोडं थोडं सोडा. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. एकदाच हं, मीठ पाण्यातून उडून जात नाही. नंतर पाणी बदलाल तेव्हा जेवढं काढलं तेवढ्यापुरतंच नवीन घाला. आणि गावात कुणाचं चालू अ‍ॅक्वेरियम असेल तर त्याच्या फिल्टरचा स्पंज मागून आणा आणि तुमच्या वाफ्यात पिळा, काळं घाण पाणी निघेल, तेच विरजण.

आता खरी गोष्ट, जी व्हिडिओवाले सांगत नाहीत. या सिस्टिममध्ये बाहेरून रोज येणारी मुख्य गोष्ट एकच, माशाचे दाणे. पालकाचा नायट्रोजन त्यातूनच येतो आणि माशाचं विषही त्यातूनच. म्हणून हिशोब उलटा करायचा, आधी वाफा मोजायचा, मग दाणे, मग मासे. पालेभाजीला चौरस मीटरला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम दाणे पुरतात. तुमच्या टाकीचं तोंड, म्हणजेच वाफा, १ मीटर बाय १.२ मीटर, म्हणजे रोजचे ५० ते ६० ग्रॅम. मोठा मासा रोज वजनाच्या साधारण एक टक्का खातो, म्हणजे ५-६ किलो मासे. अर्धा किलोचा एक धरला तर दहा-बारा मासे. बारा! तुम्ही साठ आणले, ते मोठे झाले असते तर तीस किलो. उरलेल्या ३८ पैकी पंधरा ठेवा आणि बाकीचे कुणाच्या शेततळ्यात देऊन टाका. सध्या मासे बोटभर आहेत तोवर चिमूटभर दाणे, वीस मिनिटांत संपतील तेवढेच, उरलं की जाळीने काढायचं. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा टाकीशेजारी ठेवा, अंदाजपंचे नको.

पालकाचं तुम्ही इतकं बरोबर लिहिलंय की मला बघायलाच नको. जुनी खालची पानं पिवळी पडली असती तर नायट्रोजन कमी. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह, आणि लोह पाण्यात असलं तरी पीएच ८ च्या वर झाडाला मिळत नाही. कृषी सेवा केंद्रात ईडीडीएचए चिलेटेड आयर्न मागा, म्हणजे जास्त पीएचलाही विरघळलेलं राहणारं लोह, ६ टक्केवालं, २० ग्रॅम, पाणी लालसर होईल, घाबरू नका. हिराकस म्हणजे साधं फेरस सल्फेट आणू नका, तुमच्या पाण्यात ते गंजून तळाला बसेल. पीएच उतरवायला टाकीत अ‍ॅसिड ओतायचं तर नावच काढू नका, जिवाणू कामाला लागले की तो हळूहळू स्वतःच उतरतो, आणि सहा महिन्यांनी ६.५ च्या खाली जायला लागला की उलट तुम्हाला चुन्याची निवळी थोडी थोडी घालावी लागेल. पण त्याआधी एक करा, वाफ्यातली मूठभर खडी ताटलीत घेऊन वर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर खडीत चुनखडी आहे आणि पीएच कधीच उतरणार नाही, खडीच बदला. आपल्याकडची क्रशरची काळी खडी सहसा ठीक असते, फक्त चूर धुवून धुवून हात दुखतात.

अजून एक, त्या टाकीत आधी काय होतं हे भंगारवाल्याला विचारलंत का? खायचं तेल किंवा काकवी असेल तर चालेल. केमिकल असेल किंवा तो नक्की सांगू शकत नसेल तर त्यातला पालक खाऊ नका. आणि टाकीला बाहेरून काळा रंग द्या, पांढऱ्या टाकीत ऊन शिरून पाणी हिरवं होतं.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी. मासे खायचे नसतील तर हे करून उपयोग काय? आणि एक दुकानदार मागूर मासे घ्या म्हणतोय, कशातही जगतात म्हणे. – एक वाचक, पुणे

उत्तर: गोल्डफिश किंवा कोई पाळा. तुमच्या मेथीला काय फरक पडतो शी रोहूची आहे का गोल्डफिशची. माझ्या शेजारच्या वहिनी गोल्डफिशवर पुदिना आणि लेट्यूस काढतात, मासे आठ-आठ इंचाचे झालेत आणि प्रत्येकाला नाव आहे. ज्याला कशातही जगणारा मागूर म्हणतात तो बहुतेक थाई म्हणजे आफ्रिकन मागूर, त्याच्यावर देशात बंदी आहे, आणू नका. तिलापिया मासाही परवानगीशिवाय नाही.

प्रश्न: आमच्याकडे लाईट कधीही जाते. पंप बंद पडले तर मासे किती वेळ तग धरतील? – एक वाचक, अमरावती

उत्तर: मासे किती आणि ऊन किती यावर आहे. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० ला साडेसात, म्हणजे मे महिन्यात तुमच्याकडे सगळंच कमी. मागच्या मेमध्ये आमच्याकडे रात्री अकराला गेली ती पहाटे साडेचारला आली, मी गाढ झोपलेले, सकाळी नऊ रूपचंद मासे उलटे तरंगत होते. लांबूनच दिसले. तेव्हापासून बॅटरीवर आपोआप सुरू होणारा छोटा एअर पंप आहे. इन्व्हर्टर असेल तर टीव्हीआधी त्यावर एअर पंप लावा, पाण्याचा पंप दोन-तीन तास बंद राहिला तर खडीला काही होत नाही. आणि उन्हाळ्यात टाकीवर शेडनेट.

प्रश्न: वांग्यावर मावा पडलाय. निंबोळी अर्क चालेल ना, नैसर्गिक आहे. – एक वाचक, चिपळूण

उत्तर: नैसर्गिक आहे, पण माशांना बाधतो, आणि तुमच्या वाफ्यातलं पाणी थेट त्यांच्याकडेच जातं. साबणाचं पाणीही नको. पिवळे चिकट सापळे लावा, आणि मावा लागलेलं पान तोडून टाकीवर झटका. मासे वर येऊन वाट बघायला लागतात दुसऱ्या दिवसापासून.